पदरावरचा पत्ता

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

कीर्तीने आज आमच्या साइटला भंगार म्हटलं. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या हातचा चहा पीत.

"मोठ्याई, राग नका मानू, पण ती साइट फोनवर धड उघडतच नाही. अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आजकाल साइटवर जातं कोण? लोकं रील पाहतात, नाहीतर मशीनला विचारतात. भंगार झालं ते."

मी म्हटलं, "भंगारवाला फाटकाशी उभा राहतो बाई, चुलीपर्यंत येत नाही." कप अर्धा ठेवून उठली. बरं झालं.

माझ्या दिराचा मुलगा संजीव विणकर संस्थेचा सचिव झाला त्याला चार महिने झाले. ही त्याची बायको. नागपूरहून शिकून आली ती आम्हाला पुसून टाकायलाच आल्यासारखी वागते.

कोसातीर डॉट कॉम आम्ही २००४ साली काढली. भंडारा जिल्हा फुटल्यावर गोंदियाकडचे सभासद तिकडे गेले, संस्था अर्धी राहिली. पवनीचा करवती, दातेरी काठ नागपूरच्या पुढे कोणाला माहीत नव्हता. तेव्हा हे म्हणाले, "करुणा, तुझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी शिकवलेलं इंग्रजी कधी कामाला येणार?" मग भंडाऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासला एस.टी.ने जाऊन मी पानं बनवायला शिकले. वय पंचेचाळीस. वर्गात सगळी पोरं माझ्या मुलाच्या वयाची असती, मुलगा असता तर.

मोडेमची ती किरकिर, मग शिट्टी, मग एकदम शांतता, आणि पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरणारा फोटो. आधी डोकं, मग खांदे, मग काठ. मध्येच कोणी फोन उचलला की सगळं तुटायचं आणि मी ओरडायचे. पानाच्या तळाशी किती पाहुणे आले त्याचा आकडा फिरे. ज्या दिवशी शंभर झाला त्या दिवशी यांनी पेढे आणले होते. प्रत्येक विणकराचं एक पान होतं: त्याचा फोटो, माग किती वर्षांचा, हात कोणाकडून शिकला. छत्तीस पानं मी हाताने लिहिली. भंगार!

पाच वर्षांनी माझ्याच डोक्यातून निघालं की साइटचा पत्ता साडीतच विणायचा. पदर संपतो तिथे चार बोटांची पट्टी असते. आमचे सगळ्यात जुने विणकर भय्याजी त्या जागी बापाच्या वेळचं कासव विणत. त्यांना सांगून ते काढवलं. कासव पुण्या-मुंबईच्या बाईला काय कळणार? पत्ता वाचून ती सरळ आपल्या दारात येते. हे आणि भय्याजी अकरा दिवस मागाच्या वरच्या दोऱ्या बांधत बसले होते, एकेक इंग्रजी अक्षर मोजून. तेव्हापासून संस्थेची प्रत्येक कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी आपल्या घराचा पत्ता घेऊन जाते.

साइटचा पासवर्ड माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील.

२८ ऑगस्ट, बुधवार

पुण्याच्या ज्योत्सना मॅडमची ऑर्डर आली. चोवीस साड्या, डिसेंबरपर्यंत, लग्नसराईसाठी. संजीव म्हणाला, ही नीट गेली तर दरवर्षी घेणार. फसली तर भय्याजींचा माग उतरवावा लागेल, सूत आणून देण्याची संस्थेची ताकद राहिलेली नाही. छत्तीस मागांतले आता तीन उरलेत.

कीर्तीने ज्योत्सना मॅडमला दाखवायला फोटो केले. काढले नाहीत, केले. फोनमध्ये चार ओळी लिहिल्या आणि एक गोरी पोरगी आमची साडी नेसून नदीच्या घाटावर उभी राहिली. ती पोरगी जन्मलेलीच नाही. घाटही पवनीचा नाही.

भय्याजींनी फोन डोळ्यापासून लांब धरला. "कोन्या मागावर विनलं वो हे? इकडे काठाले दात हायेत, तिकडे सपाट. करवत एकाच बाजूनं कापते का?"

"अहो, हे फक्त दाखवायला आहे, भय्याजी," कीर्ती म्हणाली.

"दाखवाले मी हावो ना. मले काहून नाही उभं करत घाटावर?"

बेबीबाई, त्यांची बायको, कांडी भरता भरता इतकी हसली की सूत तुटलं. मीही हसले. कीर्तीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. नंतर तिने तो फोटो काढून टाकला, असं संजीव म्हणाला. मी पाहिलं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्यांचं जेवण. आंबील सुंदर झाली होती. सगळं आटोपल्यावर कीर्ती जवळ येऊन बसली. गोड आवाज. मी लगेच सावध झाले.

"मोठ्याई, साइटचं नाव कोणत्या ईमेलवर घेतलं होतं काकांनी?"

"का गं?"

"मी शोधून पाहिलं. चौदा ऑक्टोबरला संपून राहिलं ते. पुढे चालू ठेवायचं तर त्या ईमेलवरूनच होईल."

आधी पासवर्ड मागितला, तो मिळेना, तर आता ईमेल. मी म्हटलं, "नाव कसं संपेल? संस्थेचं नाव आहे, दुधाची पिशवी आहे का तारीख टाकायला?"

"तसं नसतं ते. पानं वेगळी, नाव वेगळं. पानांचा पासवर्ड तुमच्याकडे हाय, पण नाव..."

"पासवर्ड माझ्याकडे आहे, एवढं तुला कळलं ना? झालं तर."

ती काहीतरी बोलणार होती. मी महालक्ष्म्यांपुढची समई सारखी करायला उठले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज घट बसले. फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: "मोठ्याई, १४ ऑक्टोबर. प्लीज." खाली लाल पेनने दोन रेघा. जशी माझीच मुदत संपत आली आहे!

चिठ्ठी काढून केराच्या बादलीत टाकली. दुपारी पुन्हा दुसरी लावलेली. ती ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे या घरात म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलतात.

तिने आता व्हॉट्सॲपवर एक बोलणारी बाई बसवली आहे. नाव "कोसाताई". गिऱ्हाइकाने काही विचारलं की मशीनच उत्तर देते. मी माझ्या फोनवरून विचारलं, कोसा घरी धुता येतो का? कोसाताई म्हणाली, हो ताई, मशीनमध्ये बिनधास्त धुवा! मी ते उत्तर छापून आणलं आणि संस्थेच्या फळ्यावर टाचणीने लावलं. कीर्तीने तासाभरात कोसाताईला सुधारलं. कागद मात्र मी चार दिवस काढू दिला नाही.

आम्ही सिस्टरना "नमस्कार" घातला तरी त्या थांबून नाव घेऊन उत्तर द्यायच्या. साइटच्या पाहुण्यांच्या वहीत कोणी दोन ओळी लिहिल्या तर मी त्याच दिवशी उत्तर लिहीत असे. एका बाईने लिहिलं होतं, तुमची साडी नेसून आईच्या तेराव्याला बसले. तिला मी दीड पान लिहिलं. मशीन काय लिहिणार होती?

१६ ऑक्टोबर, बुधवार

साइट बंद आहे.

काल सकाळी उघडली तर पांढरं पान. आज पुन्हा पांढरं. पासवर्ड टाकून आत जाते, तर माझी छत्तीस पानं जिथल्या तिथे आहेत. बाहेरून मात्र काही दिसत नाही. म्हणजे बाहेरून कोणीतरी कडी लावली. कोणी लावली ते सांगायला ज्योतिषी नको.

सरळ तिच्या खोलीत गेले. "समाधान झालं?"

कीर्ती लॅपटॉपवर होती. "मी काही नाही केलं. सांगितलं होतं ना तुम्हाला, नाव संपलं. अजून मिळते पण, महिना-दोन महिने आपल्यासाठीच राखून ठेवतात. फक्त तो ईमेल सांगा."

"आता ईमेल दिला की सगळंच तुझ्या नावावर."

"माझ्या कायले पाहिजे मोठ्याई? संस्थेच्या नावावर!" आवाज चढला तशी तिची भाषाही घसरली. "तुम्ही काहून मला चोर समजून राहिल्या?"

मी वळले आणि बाहेर आले. आजपासून माझी चूल वेगळी.

यांची वही कपाटात माझ्या लग्नाच्या शालूखाली आहे. हे गेल्यापासून मी ती उघडलेली नाही. त्यात काय काय आहे कोण जाणे. पण ती यांची वही आहे, आणि कोणी मागितलं म्हणून मी ती पोरीटोरींपुढे टाकणार नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

संस्थेची सभा. सगळ्यांसमोर बोलले. वीस वर्षांचं काम घरच्याच माणसाने मारलं, आणि का, तर जुन्या लोकांची नावं पुसून आपलं नाव पुढे यावं म्हणून. शब्द एकही चुकला नाही.

संजीव उभा राहिला. "मोठ्याई, बस झालं."

"तू तिच्या ताटाखालचं मांजर झालास, तू काय बोलणार?"

कोणीतरी मागे हसलं. कीर्ती भिंतीशी उभी होती. रडेल असं वाटलं होतं; रडली नाही. म्हणाली, "फार दिवस नाही राहिले. त्यानंतर ते नाव कोणीही घेईल. कोणीही. सगळ्या साड्यांवर तेच नाव विणलेलं हाय, हे तरी ध्यानात घ्या."

"चोराने कुलपाचा नंबर विचारावा, तसं झालं हे," मी म्हटलं.

 सभा संपल्यावर भय्याजी चपला घालताना एवढंच म्हणाले, "बाई, पोरगी खोटं नाही बोलत असं वाटते."

वाईट वाटलं. भय्याजींचं पान मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं.

२ डिसेंबर, सोमवार

चोवीस साड्या पुण्याला गेल्या. बांधाबांध करताना पट्टीवरच्या पत्त्यावरून हात फिरवला. साइट बंद असली तरी पत्ता साडीवर आहे. तो कसा पुसशील?

कीर्ती दाराशी आली होती. गठ्ठा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, गेली. आता चिठ्ठ्याही लावत नाही. हरली असावी.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

लिहायला नको वाटतं. पण सिस्टर म्हणायच्या, लाज वाटली त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी माणूस सारवासारव करतो.

दुपारी ज्योत्सना मॅडमचा फोन आला. संजीवने स्पीकरवर लावला.

"तुम्ही लोकांनी काय चालवलंय? माझं वीस वर्षांचं दुकान आहे! लग्नात नवरीच्या आत्याने पदरावरचा पत्ता फोनमध्ये टाकला. कौतुकाने, मांडवात, सगळ्यांना दाखवायला! काय निघालं माहीत आहे? तीन पत्ती. रमी. आणि अर्ध्या कपड्यातल्या मुली, या खेळायला म्हणून बोलावतायत. त्या बाई माझ्या दुकानात येऊन रडल्या. सगळ्या साड्या परत पाठवतेय. ती एक विकलेलीसुद्धा त्यांच्याकडून मागून घेतली मी."

संजीवने तिथेच फोनवर पत्ता टाकला. वरून खाली उतरणारा फोटो नाही. एकदम, सगळंच्या सगळं, नाचतं, चमकतं. माझ्या छत्तीस माणसांच्या दारात जुगाराचा अड्डा.

मी म्हटलं, "माझी पानं..."

कीर्ती म्हणाली, "तुमची पानं आहेत आत. सुरक्षित आहेत." तिच्या आवाजात समाधान असेल असं वाटलं होतं. नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

२००९ पासून किती साड्या गेल्या असतील! कोणाच्या कपाटात, कोणाच्या मुलीच्या अंगावर. ती आईच्या तेराव्याला बसलेली बाई. सगळ्यांच्या पदरावर तो पत्ता मी विणवला.

१८ जानेवारी, शनिवार

शालू बाजूला केला आणि यांची वही काढली. चार वर्षांनी. बाभळीच्या डिंकाचा वास अजून येतो, फाटलेली पानं हे डिंकाने चिकटवत.

चौथ्याच पानावर, यांच्या तिरप्या अक्षरात: साइटचं नाव, त्याचा ईमेल, त्या ईमेलचा पासवर्ड. खाली "सन २०१४. दहा वर्षांसाठी घेतलं. संपायच्या आत करुणाला समजावून सांगणे."

सांगितलं नाहीत. दहा वर्षं म्हणजे खूप वेळ आहे असं वाटलं असेल.

ज्या खोलीत मी तिला चोर ठरवलं, तिथून हे कपाट पाच पावलांवर आहे. मी कडी-कुलूप राखत बसले आणि खालची जागाच दुसऱ्याच्या नावावर गेली.

वही कीर्तीच्या टेबलावर ठेवून आले. ती अंघोळीला गेली होती. असती तर ठेवली असती की नाही, सांगता येत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

गठ्ठा परत आला. ज्योत्सना मॅडमने संजीवला एवढंच कबूल केलं की पत्ता नसेल तर पुन्हा पाहीन. पंधरा दिवसांत.

उसवून पाहिलं. बेबीबाईने सुईने एक अक्षर मोकळं केलं, तर तिथे जाळी पडली. करवती काठासारखाच इथेही धागा धाग्यात अडकवलेला असतो. एक सोडला की शेजारचा रडतो. आता पट्टीच कापायची, आणि तिथून नव्याने गोंडे बांधायचे.

भय्याजींनी कात्री पाहिली आणि हात मागे घेतला. भय्याजींच्या घरात मागावरून उतरलेल्या कापडाला विणणाऱ्याने कात्री लावायची नाही असा रिवाज आहे. विणणाऱ्याचा हात मोडतो म्हणतात.

"संजीवभाऊ कापतील," बेबीबाई म्हणाली.

"नाही," भय्याजी म्हणाले. "बाईनं घाल म्हनलं होतं. बाईच कापतील."

रागावलेले वाटत नव्हते. धोटा कुठे ठेवला ते सांगावं तसं म्हणाले.

मी कापल्या, चोवीस. पहिली काठाजवळ वाकडी गेली. मग सरळ जाऊ लागल्या. कोशाला कात्री लागली की बारीक आवाज होतो, ओल्या पानावर पाय पडल्यासारखा. समोर कीर्ती बसून गोंडे बांधत होती. नागपूरची पोरगी, बोटं कापून घेतली दोनदा. मी चिंधी दिली. तिने घेतली. थँक्यू म्हणाली नाही, मीही वाट पाहिली नाही.

पट्ट्या बेबीबाई चुलीत घालत होती. मी अडवल्या. माझ्या पेटीत आहेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याला साड्या घेतल्या, गेल्या आठवड्यातच. चोवीसही. वर ज्योत्सना मॅडमचा निरोप, आणखी बारा हव्यात, पदराशी काहीतरी छोटं असावं, बोडकं दिसतं. पण पत्ता नको, कुठलाच नको. भय्याजींचा माग राहिला.

संजीव म्हणाला होता, कीर्तीने घेतलेला नवा पत्ता घालू. कीर्तीच म्हणाली, "कापडावर नको. तेही आपलं किती दिवस राहील, कोणाला माहीत?" माझी छत्तीस पानं तिने नव्या जागी हलवली आहेत. मुंगीएवढी अक्षरं मोठी केली. पाहुण्यांचा आकडा मात्र काढून टाकला. मी विचारलं, तर म्हणते, त्याने काही कळत नाही. पुन्हा भांडलो. 

सकाळी भय्याजींकडे गेले. नव्या साडीची चार बोटं मागावर उतरली होती. त्यात कासव. पाय चार, मान जरा डावीकडे वळलेली, पाठीवर तीन घरं. समोर कागद नाही, नमुना नाही. दोऱ्या त्यांनी एकट्यानेच सोडून पुन्हा बांधल्या होत्या, चार दिवसांत.

"भय्याजी, सोळा वर्षं झाली. ध्यानात कसं राहिलं?"

त्यांनी धोटा टाकला, फणी ओढली, मग म्हणाले, "तुमी काढ म्हनलं होतं बाई. इसर नव्हतं म्हनलं."

कीर्ती फोन घेऊन फोटो काढायला वाकली होती. मी तिला अडवलं. "आधी त्यांना विचार. त्यांच्या बापाची खूण आहे ती."

तिने फोन खाली घेतला. विचारलं त्यांना, नीट, बसून. भय्याजी म्हणाले, काढ ना पोरी, दोन्ही काठ येऊ दे मात्र. तिने काढला.

परत येताना नदीकडच्या वळणावर ती थांबली. "मोठ्याई, कासव काढायला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं त्यांना?"

मी चालत राहिले. उत्तर दिलं नाही. इथेही लिहीत नाही.